तीनशे बारा जणांची डाळ

नीलम्मा खुरपणीहून घरी आली तेव्हा घरात खाणारी तोंडे दोन होती आणि चुलीवर पंधरवड्याची तूरडाळ रटरटत होती. एका पातेल्यात ती मावली नव्हती. म्हणून पातेले, घागर आणि न्हाणीतला तांब्याचा हंडा अशी तीन ठिकाणी तिची सोय लावली होती. चुलीशी उकिडवा बसून नागप्पा दोन्ही हातांनी डाळ घोटत होता आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडावर समाधान दिसत होते.

"अवो, ह्ये काय केलं?"

"डाळ."

"ती दिसतीया. कुणासाठी?"

नागप्पाने मान वर केली. हा प्रश्न त्याला खरोखरच समजला नाही. "आपल्या दोघांसाठी. लई कमी घातली गं. तीनशे बाराला घालायचो त्याचा दहावा हिस्सा बी न्हाय."

नीलम्माने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि ती उंबऱ्यावरच बसली. नवरा तीन वर्षांनी जेलमधून परत आल्याचा आनंद तिला झाला होता, नाही असे नाही. पण तो तीनशे बारा जणांना बरोबर घेऊन येईल असे तिला कुणी सांगितले नव्हते.

नागप्पाचा गुन्हा साधा होता. गावच्या मठात जेवणावळीची पितळी भांडी होती. त्यांतली पाच भांडी त्याने बैलगाडीत घालून, वर कडबा टाकून, इंग्रजी हद्दीत सोलापूरला नेऊन एका तांबटाला विकली होती. अदालतीत मुन्सफाने विचारले, असे का केलेस? नागप्पा म्हणाला, "सरकार, म्या जन्मभर शेवटच्या पंगतीला बसलेला माणूस. त्या भांड्यांचा तळ सोडून म्या दुसरं काय बघितलंच न्हवतं. म्हटलं, रिकामीच तर हाईत." हे उत्तर खरे होते, पण त्याने सजा कमी झाली नाही.

आत गेल्यावर पहिले वर्ष त्याने दगड फोडले. मग जेलच्या दरोगासाहेबांनी त्याला भटारखान्यात रांधायला टाकले. कैद्याने एखादा धंदा शिकून बाहेर पडावे म्हणजे तो परत येत नाही, असे दरोगासाहेबांचे मत होते. नागप्पा मन लावून शिकला. दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ त्याने तीनशे बारा माणसांना जेवू घातले आणि एकाही माणसाला कमी पडू दिले नाही. सरकारचा हेतू साध्य झाला. फक्त शिकलेला धंदा तीनशे बाराच्या खाली उतरेना, एवढीच अडचण होती.

बाकीच्या सवयी नीलम्माने सोसल्या असत्या. दार उघडे असले तरी तो उंबऱ्याशी थांबून कुणीतरी "चल" म्हणण्याची वाट बघायचा. दिवस मावळताना अंगणात येऊन उकिडवा बसायचा आणि ती बाहेर येऊन "आलाव न्हवं? बसा घरात" म्हणेपर्यंत हलायचा नाही. ती रोज म्हणायची. पण डाळीचा प्रकार तिच्या आवाक्याबाहेरचा होता.

"आता गावात वाटून टाका," ती म्हणाली. "नासली तर म्या तुमच्यावर पुन्हा फिर्याद घालीन."

यापेक्षा मोठी काळजी वेगळी होती. सुटताना नागप्पाकडून मुचलका लिहून घेतला होता. दोन महिन्यांच्या आत गावातल्या कुणा इज्जतदार असामीने जामीनपत्रावर सही करायची, की हा माणूस आता कष्टाचे खातो. सही मिळाली नाही तर रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी नाक्यावर पोलिसांपुढे हजेरी. नाका तीन कोसांवर. दोनदा जाऊन दोनदा यायचे म्हणजे बारा कोस झाले. एवढे चालून झाल्यावर कष्टाचे खायला वेळ कुठून उरणार, याचा विचार कायदा करणाऱ्याने केला नव्हता. दीड महिना उलटून गेला होता. नागप्पा पाच दारांना जाऊन आला होता. एकाने सांगितले, मला सही येत नाही. दुसऱ्याने सांगितले, येते, पण हात दुखतो. तिसऱ्याने त्याला ओसरीवर बसवले, पाणी दिले आणि तो जाईपर्यंत स्वतः तांब्यावरून नजर काढली नाही.

डाळ मात्र गावाला आवडली. जिथे सही मिळाली नव्हती तिथली भांडीसुद्धा चाटूनपुसून परत आली. पोलीस पाटलाची म्हातारी तर म्हणाली, असली डाळ खायला मिळणार असंल तर जेल काय वाईट न्हाय.

ही गोष्ट मठाच्या आय्यांच्या कानावर गेली. आय्या म्हणजे मठाचे स्वामी, सत्तरीचे, थोडे बहिरे आणि त्यामुळे शांत. श्रावणातला शेवटचा सोमवार आठ दिवसांवर आला होता आणि त्या दिवशी मठात गावजेवण असे. दरवर्षीचा अणदूरचा आचारी सोलापूरच्या मिलमध्ये लागला होता. त्यातून लेव्हीचे साल. सरकारने घरोघरचे धान्य मोजून नेलेले, त्यामुळे मठाकडे गहू दोन पोती आणि गूळ बेताचाच.

आय्यांनी नागप्पाला बोलावले तेव्हा तिथे शिवलिंगप्पा बसले होते. शिवलिंगप्पा गावातले मोठे अडतवाले आणि मठाचे पंच. चोरीला गेलेली भांडी त्यांच्याच ताब्यातली होती आणि फिर्यादही त्यांचीच. पाच भांडी गेली त्याचे दुःख त्यांना होतेच, पण आपण बाजूच्या खोलीत झोपलो असताना ती गेली याचे जास्त होते.

"आय्या, मांजराला दुधाची राखण देताय," ते म्हणाले.

"राखण तुमी करा," आय्या म्हणाले. "त्यो रांधंल."

नागप्पाने जमिनीकडे बघत विचारले, "माणसं किती असतील?"

गावात कुणी कधी हा प्रश्न विचारला नव्हता. पंगतीला बसणारी माणसे मोजायची नसतात, अन्नाला दृष्ट लागते, हे लहान पोरालाही ठाऊक होते. येतील तेवढी येतात, पुरेल तेवढे पुरते, आणि पुरले नाही की शेवटच्या पंगतीतली माणसे ताक पिऊन उठतात, अशी रीत होती.

"जेवणारी माणसं मोजत न्हाईत रं," शिवलिंगप्पा म्हणाले. "तीन वरसांत एवढं बी विसरलास?"

"मोजल्याबिगर माझा हात चालत न्हाय, आप्पा. अंदाजानं बघितलं तर आपलं गाव बरोबर एक जेल भरतंय."

शिवलिंगप्पा तांबडेलाल झाले. आय्यांना हे वाक्य नीट ऐकू आले नसावे, किंवा आले असावे. ते म्हणाले, "माणसं मोजू नको. पत्रावळी मोज. पत्रावळीला कुठं दृष्ट लागती?"

अशी तोड निघाली. नागप्पाने तीनशे बारा पत्रावळी मोजून घेतल्या. आकडा त्याच्या हाताला बसलेला होता.

सोमवारी सकाळपासून मठाच्या मागे चर खणून चुली पेटल्या. भांडी अणदूरहून उसनी आणली होती. शिवलिंगप्पांनी भांड्यांजवळ खाट टाकली आणि खाटेवर स्वतःला टाकले. नागप्पाने हंडा हलवला की ते उठून बसत आणि हंडा जागेवर आला की पुन्हा आडवे होत. दुपारपर्यंत त्यांचा चांगला व्यायाम झाला. गव्हा-गुळाची खीर, म्हणजे हुग्गी, आळून आली तेव्हा तिचा वास वेशीपर्यंत गेला आणि वासापाठोपाठ उलट्या दिशेने गाव आले.

शिवलिंगप्पांचे मेहुणे मल्लिकार्जुन शेठ उमरग्याहून मुद्दाम आले होते. कापडाचा मोठा व्यापार, लांब कोट, सोन्याची बटणे, बोलणे मोजके. पूर्वी तीन वर्षे ते हैदराबादेत व्यापारासाठी राहून आले होते, असे शिवलिंगप्पांची बायको सगळ्यांना सांगे. गावात त्यांच्या शब्दाला इतका मान होता की ते काही बोलले नाहीत तरी लोक माना डोलवत.

पहिल्या पंगतीला नेहमीप्रमाणे झुंबड उडाली. एकेकाने तीन-तीन पत्रावळी धरल्या, कुणी भावासाठी, कुणी घरी राहिलेल्या म्हशीवाल्यासाठी, कुणी नुसत्याच. मागे सालगडी आणि म्हाताऱ्या बाया भिंतीला टेकून नेहमीसारख्या उभ्या होत्या, घाई न करता, कारण त्यांना शेवट माहीत होता. नागप्पाची मोजणी एकोणऐंशीवर तुटली. त्याने पुन्हा सुरू केली, ती बेचाळीसवर तुटली. त्याच्या कपाळावर घाम आला. दोन वर्षांत एकदाही त्याची गिनती चुकली नव्हती. चुकली की आत काय होते ते त्याला आठवले. तो एका पालथ्या हंड्यावर चढला आणि त्याच्या तोंडून आपोआप जेलची आरोळी निघाली.

"जोडी में बैठो. गिनती."

तीनशे माणसे तोंडे उघडी ठेवून हंड्यावरच्या नागप्पाकडे बघत राहिली. आणि त्या तीनशेंच्या मधोमध एकच माणूस खाली बसला.

मल्लिकार्जुन शेठ बसले होते. लांब कोट धुळीत पसरलेला, पाय उकिडवे, दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे, नजर जमिनीवर, आणि डाव्या बाजूला जोडीदारासाठी नेमकी एका माणसाची जागा सोडलेली. असे बसणे कुणी घरी शिकत नाही. पाठीत तीन-चार वेळा काठी बसल्यावर ते अंगात येते आणि मग जात नाही. नागप्पाला क्षणात सगळे कळले. शेठनाही आपण काय केले ते तेव्हाच कळले असावे, कारण त्यांची मान वर येईना आणि कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या.

"पाव्हणं, घेरी आली का काय?" शिवलिंगप्पा खाटेवरून ओरडले.

नागप्पाने श्वास घेतला. "आप्पा, घेरी कशाची? शेठनी बसून दाखवलं," तो मोठ्याने म्हणाला. "उमरग्यात मोठ्या पंगती अशाच बसत्यात. अगुदर जोडीजोडीनं बसायचं, मंग पत्रावळ. शेठ बसलेत तसं समद्यांनी बसा."

उमरग्यात असे बसतात म्हटल्यावर प्रश्न मिटला. उमरग्याच्या खालचे आपल्याला काही चालत नाही, असे गावाचे मत होते. पाच मिनिटांत अख्खे गाव जोड्या जोड्यांनी उकिडवे बसले. पोलीस पाटील मठाच्या न्हाव्याशेजारी आले आणि उठायला जागा न उरल्यामुळे तिथेच राहिले. धरलेल्या पत्रावळी परत घेऊन नागप्पाने त्या मोजून वाटल्या. दोनशे सत्याण्णव.

मग वाढणे सुरू झाले. एक माणूस, एक वगराळे, म्हणजे एक मोठा डाव, वरून काडीने सपाट केलेले. आग्रह नाही, "घ्या की, घ्या की" नाही. शिवलिंगप्पांनी सवयीने पत्रावळ पुढे केली.

"पयली गिनती पुरी व्हऊ द्या, आप्पा."

"म्या पंच हाय."

"व्हय. पंचालाबी येकच."

शिवलिंगप्पांना राग आला, पण तोंडात हुग्गी होती आणि हुग्गी उत्तम होती, त्यामुळे रागाला वाट मिळाली नाही. नागप्पा ओळीने भिंतीपर्यंत गेला. म्हाताऱ्या बायांच्या पत्रावळींवर त्याने वगराळे रिते केले. त्यांतली एक, चन्नम्मा, नागप्पाच्या मेलेल्या आईची मैत्रीण, पत्रावळीवर वाकून बघू लागली.

"ह्यात हुग्गी हाय रं," ती म्हणाली.

"व्हय, मावशी. खा."

"तुझी आई असती तर..." म्हातारीने खायला सुरुवात केली. नागप्पाला रडू आले. त्याने ते चुलीच्या धुराच्या नावावर खपवले. दुसरे वाढप झाले तरी हंड्यात दोन विती हुग्गी शिल्लक होती. असे गावात पूर्वी कधी घडल्याचे कुणाला आठवत नव्हते.

घरी आल्यावर त्याने नीलम्माला शेठची गोष्ट सांगितली. न सांगून त्याच्याने राहवले नसते.

नीलम्मा व्यवहाराची होती. "मंग काय तर," ती म्हणाली. "मुदत सरायला चार दिस राह्यलेत. शेटला म्हनावं, सही करा. न्हाय कशाला म्हनतील? न्हाय म्हनायला तोंड कुठं हाय त्यांना?"

"म्हूनच मागायची न्हाय."

"म्हंजे?"

"असली सही घिऊन काय करू? ते बी भांडी नेल्यावाणीच की गं."

नीलम्मा रागावली, झोपेपर्यंत रागावलेलीच राहिली. पण दिवस मावळताना तो अंगणात बसला तेव्हा बाहेर येऊन "आलाव न्हवं? बसा घरात" म्हणायला ती विसरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मठात अणदूरची भांडी गाडीत भरायची होती. तिथे आय्यांनीच विषय काढला. पटवारी वसंतराव जामीनपत्र घेऊन बसले होते. कागद उर्दूत होता आणि गावात उर्दू त्यांनाच वाचता येई. आय्या शिवलिंगप्पांकडे बघत राहिले. बहिऱ्या माणसाला नुसते बघत राहणे चांगले जमते.

शिवलिंगप्पांनी घसा साफ केला. "सहीला माझी ना न्हाय. पर फिर्यादी मीच, जामीनबी मीच, ह्ये बरं दिसत न्हाय. आमचं पाव्हणं करतील. उमरग्यात त्यांचं वजन हाय."

मल्लिकार्जुन शेठ निघायच्या तयारीत उभे होते. ते पुढे येऊन बसले, बैठकीवर, सगळ्यांसारखे मांडी घालून, आणि त्यांनी टाक हातात घेतला.

"वाचून दाखवतो," वसंतराव म्हणाले. "रीत आहे. मी अमुक अमुक, राहणार अमुक, लिहून देतो की नागप्पा हा इसम माझ्या माहितीचा आहे. हा नेकीने वागेल याची हमी मी घेतो. मला स्वतःला कोणत्याही गुन्ह्यात कधीही सजा झालेली नाही. ही बाब खोटी ठरल्यास..."

टाक कागदावर एक बोट उंच थांबला. शाईचा थेंब खाली पडला. नागप्पा दाराशी उभा होता आणि शेठ त्याच्याकडेच बघत होते. त्या नजरेत भीती होती, पण नुसती भीती नव्हती. शेठ सही करणार होते. नाक्यावर कागद गेला, कुणी दप्तर उघडून नाव ताडून पाहिले, तर उमरग्याचे दुकान, कोट, बटणे सगळे एका दिवसात गेले असते. तरी त्यांनी टाक खाली टेकवला.

"शेठ, नगं," नागप्पा म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिले.

"शेठची सही नगं मला. ते परगावचे. मुचलक्यात गावातला माणूस असं लिवलंय."

"तेवढं ओढूनताणून बसवता येईल," वसंतराव म्हणाले.

"वढाताण करायची न्हाय. नगं म्हंजे नगं."

दाराबाहेर उभ्या असलेल्या नीलम्माने कपाळाला हात लावला. शिवलिंगप्पा उसळले. "अरं, एवढ्या मोठ्या माणसाची सही नाकारतूस? तुझ्या बापजन्मात तुला असली सही मिळाली न्हवती. मंग कुणाची पायजे तुला?"

"तुमची," नागप्पा म्हणाला. "भांडी तुमच्या ताब्यातली व्हती. उद्या म्या पुन्हा चुकलो तर पयलं तुमालाच कळंल. आन न्हाय केली तरी माझी तक्रार न्हाय. दोन टाइम नाक्यावर जाईन. मातूर मंग रांधायला कुणी न्हाय."

शेवटचे वाक्य तो सहज बोलला होता. पण शिवलिंगप्पांच्या मुलीचे लग्न माघात होते, व्याही जातीचा खवय्या होता, आणि अणदूरचा आचारी मिलमधून परत येणार नव्हता. शिवलिंगप्पांच्या तोंडावर दयेचा भाव हळूहळू पसरला. तो पूर्ण पसरेपर्यंत सगळे थांबले.

"शेवटी माणसाला येक संधी दिली पायजे," ते म्हणाले. "आणा हिकडं." त्यांनी शेठच्या हातातून टाक घेतला आणि कानडीत लांबलचक सही केली. थेंब पडला होता तिथे थोडी वळवून न्यावी लागली.

आय्या म्हणाले, "बरं झालं." त्यांनी सगळे ऐकले होते.

भांड्यांची गाडी आणि शेठची छकडी एकदमच निघाल्या. शेठची उमरग्याकडे, नागप्पाची अणदूरकडे. फाट्याशी शेठनी छकडी थांबवली आणि गाडीवानाला बैलांना पाणी दाखवायला ओढ्यावर पाठवले. नागप्पाने आपली गाडी शेजारी उभी केली. ओढ्याकडून बैलांच्या घंटांचा आवाज येत होता.

"भटारखाना?" शेठनी विचारले.

"दोन साल. तुमी?"

"मागावर, विणकामाला. चार नंबर बराक. तू यायच्या आधी सुटलो."

नागप्पाने मान हलवली. कशासाठी, हे त्याने विचारले नाही. आत असताना विचारत नसत, तर बाहेर कशाला विचारायचे?

शेठनी कोटाचे वरचे बटण काढले. एवढ्या वर्षांत हे बोलायला त्यांना कुणी मिळाले नव्हते, बायकोसुद्धा नाही, आणि आता मिळाले तर नेमके काय बोलावे ते सुचत नव्हते. शेवटी ते म्हणाले, "आमच्या टायमाला डाळ लई पातळ असायची रे. ताटलीचा तळ दिसायचा."

"ठावं हाय, शेठ," नागप्पा म्हणाला. "म्या गेल्यावर घट केली."

शेठनी मान डोलावली. गाडीवान बैल घेऊन येताना दिसला तसे त्यांनी बटण परत लावले, पाठ ताठ केली आणि छकडी उमरग्याच्या वाटेला लागली.